कडेची ओळ

मेहकर रस्ता, चिखली
२ जुलै २०१७

चि. फहीम,

ईदेचा शिरखुर्मा पोचला. दरवर्षी तो तू आणतोस, आणि दरवर्षी डब्याचं झाकण तिरकं बसलेलं असतं, पिशवी दुधानं ओली झालेली असते. यंदा डबा तुझ्या अब्बांनी, बशीरभाईंनी स्वतः आणला. एक थेंब सांडलेला नव्हता. झाकण पाहूनच कळलं, की तू आलेला नाहीस.

"मास्तर, पुन्याले सुट्टी नाही म्हनते पोरगा," तुझे अब्बा म्हणाले. "ईदले सुट्टी नसते असं कोनतं काम हाये याचं?"

"आकड्यांचं," मी म्हटलं.

"मंग आकड्याहिले घेऊन यायचं होतं. त्याहिलेबी खुर्मा पाजला असता."

तुझ्या काकूंना हसू आवरेना. मलाही. हसून झाल्यावर मात्र दोघं म्हातारे वाटीत चमचा फिरवत बसलो.

परवा मेहकरच्या एसटीत जानराव भेटले. भेटले म्हणजे तेच गाडी चालवत होते, मी त्यांच्या मागच्या बाकावर. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "सर, तुमचा फहीम करते तरी काय तिथं?" मी जे उत्तर दिलं ते बरोबर आहे का बघ. म्हटलं, पुण्याला बास्केटबॉलचा पगारी संघ आहे, तुमचा धम्मरत्न त्यात खेळायचा. फहीम सामन्यांच्या चित्रफिती पाहतो. कोण कुठून चेंडू टाकतो, किती पडतात, कोण असताना संघ पुढे जातो, कोण असताना मागे पडतो, हे सगळं मोजतो. हंगाम संपला की कुणाला ठेवावं आणि कुणाला सोडावं, असा अहवाल मालकांपुढे मांडतो.

"म्हंजे माह्या पोराले त्यानंच काढलं," जानराव म्हणाले, आणि गिअर बदलला. तो आवाज माझ्या दातांत शिरला. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. तू त्यांच्या घरी जेवलेला मुलगा आहेस. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं, आणि मला समजावता येईना.

धम्मरत्न मजेत आहे. काळजी करू नकोस. पेरणीला माझ्या शेतावर आला होता.

तू पाठवलेला संघाचा सदरा मिळाला. मला तो गुडघ्यापर्यंत येतो. काकू म्हणतात, रात्री झोपायला बरा आहे. तुझे उपकार कुठं ठेवू? सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या मास्तराला खेळाडूचा सदरा कोण पाठवतं!

सदरा हातात घेतला आणि शाळेचं मैदान समोर आलं. आपली कडी आठवते? लोहाराकडून घडवून घेतलेली, आणि तिला बशीरभाईंनी गादीच्या सुतळीनं विणलेली जाळी. तू सातवीत अब्बांच्या गाद्यांच्या दुकानातली टेप घेऊन शिडीवर चढलास आणि वरून ओरडलास, "सर, कडी नियमापेक्षा अंगठाभर लहान हाये!" सगळे हसले. धम्मरत्न खालून म्हणाला, "उतर बे, चेंडूले सांगू नको, तो घाबरीन." तुझं मोजणं आणि त्याचं बोलणं तिथूनच सुरू झालं असावं.

मला बास्केटबॉल कुठं येत होता? मला वृत्तं येत होती. क्रीडाशिक्षक बदलून गेले आणि हेडमास्तरांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली. म्हणून मला जे येत होतं तेच मी तुम्हाला शिकवलं. आखूड पास म्हणजे ल, लांब पास म्हणजे गा. यमाता म्हणजे ल गा गा, राजभा म्हणजे गा ल गा. खुर्चीत बसून मी गण ओरडायचो आणि तुम्ही पाच जण तो मैदानावर लिहायचात. जिल्ह्याच्या सामन्यात समोरची पोरं एकमेकांना विचारत होती, "हा राजभा कोन्ता बे? त्याले धरा!" अजून आठवलं की एकटाच हसतो.

फोन करू नकोस. फोनवर मला 'हॅलो' आणि 'ठेवतो' यांच्यामधलं काही सुचत नाही. दोन ओळी लिही.

तुझा,
इंद्रभान सर


चिखली
२० ऑगस्ट २०१७

चि. फहीम,

तुझं पत्र आलं. त्याबद्दल लिहिण्याआधी एक सांगून टाकतो, मागच्या पत्रात मी 'धम्मरत्न मजेत आहे' असं लिहिलं, ते खरं नव्हतं. तो तुझे फोन उचलत नाही हे मला ठाऊक होतं. तुझं नाव निघालं की चपला घालतो आणि निघतो. मला वाटलं, लिहिलं नाही तर आपोआप मिटेल.

तू मात्र काही झाकलं नाहीस. चार पानं, आणि आकडेसुद्धा समजतील असे. तीन गुणांच्या रेघेबाहेरून टाकलेला चेंडू कमी वेळा पडला तरी हिशेबात पुरतो. रेघेच्या जरा आतून टाकलेला दिसायला देखणा, पण तोट्याचा. धम्मरत्न ते देखणेच जास्त टाकतो. शिवाय तो मैदानात असताना पूर्वी संघ पुढे जायचा, गेल्या हंगामात मागे जाऊ लागला. तू लिहिलंस, "सर, मी दोस्त म्हणून पाहिलं असतं तर त्याला ठेवलं असतं. म्हणूनच मी दोस्त म्हणून पाहिलं नाही." या वाक्यासाठी तुला पूर्ण गुण. पण मास्तराची खोड जात नाही, म्हणून समासात एक शेरा लिहितो.

मी जन्मभर मात्रा मोजल्या. मात्रा चुकली की कविता लंगडते, हे पोरांना शिकवलं. पण मात्रा बरोबर असलेल्या, एकही चूक नसलेल्या आणि तरीही मेलेल्या कविता मी पोत्यानं वाचल्या आहेत. दरवर्षी शाळेच्या हस्तलिखितात यायच्या. आणि कधी एखादी अशी यायची, की वर्ग एका सुरात म्हणायला लागला की खिडकीबाहेरचा शिपाईसुद्धा घंटा द्यायला विसरायचा. तिच्यातही मात्रा असायच्याच. पण कशामुळे ती म्हणावीशी वाटते, ते मोजताना माझी बोटं पुरायची नाहीत.

धम्मरत्न त्या संघात काय करायचा, ते मला त्याच्याचकडून कळलं, तेही मोठ्या मुश्किलीनं. आम्ही कपाशीत तण काढत होतो.

"काय करायचा मी? आडवा उभा राहायचो. समोरच्याले अडवायचं, म्हंजे आपल्यावाला मोकळा होते. त्याचे गुन त्याले, गुतलो मी."

"आणि बोलायचास?"

तेव्हा पहिल्यांदा हसला. "बोलत तर राह्यचोच. सुरवातीले पुन्याची पोरं हसे. 'पास देऊन राह्यलो' म्हनलं की लोळे. मंग म्या त्याहिले राजभा शिकवलं. आता तो पंजाबचा सरदार, साडेसहा फुटाचा, थो बी 'यमाता, हाव बे!' असा ओरडते. केरळवाला तं 'राजभा'च्या आधी पाय पडते माह्या."

फहीम, मी खुरपं खाली ठेवलं. शाळेच्या खुर्चीतून ओरडलेले माझे गण एक पंजाबी मुलगा पुण्यात ओरडतो! माझ्यासारख्या माणसाला आणखी काय पाहिजे? मी कुणाकुणाचे आभार मानू, सांग.

"मग फहीमनं हे का मोजलं नाही?" मी विचारलं.

तो उठला आणि चपला शोधू लागला. शेतात चपला नव्हत्याच घातल्या, म्हणून थांबावं लागलं. "आकड्यानं मले कापलं सर," एवढंच म्हणाला.

एक गंमत सांगतो. बीटी कपाशीच्या पाकिटात साध्या कपाशीच्या बियांची एक छोटी पुडी असते, तुला आठवत असेल. ती आपल्याकडे कुणी लावत नाही. बी पाकिटातून काढलं, की पुडी धुऱ्यावर म्हणजे बांधावर फेकायची, हा आता रिवाजच झाला आहे. त्या झाडांना अळी लागते, बोंडं खाल्ली जातात, वजनाला काही येत नाही, मग जागा कशाला अडवायची? पेरणीच्या दिवशी धम्मरत्ननं धुऱ्यावरून ती पुडी उचलली. "हे काय?" म्हणाला. मी सांगितलं, फेकायचंच असतं ते. त्यानं पुडीवरचं बारीक अक्षर वाचलं, वावराच्या कडेनं लावायला सांगितलंय म्हणाला, आणि मी नको म्हणेपर्यंत सगळ्या कडेनं एक ओळ टोबून मोकळा झाला. "फेकलेल्यालेबी कुठं तरी उभं राहू द्या सर," म्हणाला.

आता त्या ओळीवर अळ्या आहेत. शेजारचे हिंमतराव रोज धुऱ्यावरून विचारतात, "काय मास्तर, किडीची खानावळ कशी चालली? थाळी फुल का हाफ?"

उद्या पोळा. जानरावांच्या घरून पुरणपोळी येईल, आपल्याकडून जाईल. तू असतास तर दोन्ही घरची खाल्ली असतीस.

तुझा,
इंद्रभान सर


चिखली
२६ नोव्हेंबर २०१७

चि. फहीम,

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं हिरवं काही उरलं नव्हतं.

गुलाबी बोंडअळीची बातमी तू वाचली असशील. वाचणं वेगळं आणि बोंड हातात फोडणं वेगळं. वरून टणक, हिरवंगार, आणि आत सरकी किडलेली, कापूस पिवळा पडलेला, मध्ये ती गुलाबी अळी, जणू कुणी काळजीनं झोपवली आहे. ज्या बियाण्यावर अळी मरते म्हणून आम्ही ते घेत होतो, त्याच्याच बोंडात ती सुखानं राहते आहे. हिंमतरावांनी उभ्या पिकात गुरं सोडली. जळगाव जामोदपासून मेहकरपर्यंत तेच. माझी पेन्शन आहे, मी रडू नये. पण वावरात गेलं की कुणी बोलत नाही, आणि मला त्या गप्प राहण्याची भीती वाटते.

शेताच्या गावी ग्रामपंचायतीत सभा झाली. कृषी खात्याच्या एक बाई आल्या होत्या, तुझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, "पाकिटातली छोटी पुडी कुणी कुणी लावली होती?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हिंमतराव म्हणाले, "मास्तरनं लावली. अळीची खानावळ काढली त्याहीनं."

"खानावळच आहे ती काका," बाई म्हणाल्या. "आणि ती सगळ्यांनी काढायची होती."

मग त्यांनी समजावलं. साध्या कपाशीवर वाढलेल्या अळीला बीटीच्या विषाची सवय नसते. तिचे पतंग सवय झालेल्या पतंगांशी जुळले, तर पुढची पिढी पुन्हा विषानं मरते. कडेची ओळच नसली, तर सवय झालेले सवय झालेल्यांशीच जुळत जातात, आणि काही वर्षांनी सगळं बियाणं निकामी. म्हणजे ती ओळ कापूस द्यायला नव्हतीच. बाकीच्या ओळींनी कापूस द्यावा म्हणून ती होती. तिचं काम काट्यावर येत नाही, म्हणून आम्ही तिला रिकामी समजलो.

मी खोटं सांगणार नाही. धम्मरत्नच्या ओळीनं माझं वावर वाचलं नाही. ती खाल्ली गेली, मागोमाग माझी कपाशीही. एकाच्या कडेनं गावाचं काही होत नसतं, आणि आता उशीरही झालाय, असं बाई म्हणाल्या. तरी सभेतून परतताना माझ्या डोक्यात तूच होतास. आडवा उभा राहणारा, बोलणारा, ज्याचे गुण दुसऱ्याच्या नावावर लागतात असा एक खेळाडू, आणि कडेची ती ओळ. वाटलं, घरी जाऊन फहीमला लिहावं, की तुझ्या तक्त्यात कडेच्या ओळीला रकाना नाही, तो पाड.

तेच लिहायला बसलो होतो, जरा घुश्शातच. आणि दारात धम्मरत्न आला. आला म्हणजे जानरावांनी त्याला धरून आणला. शाळेच्या मैदानावर पोरांना उडी दाखवताना डावा गुडघा निसटला आणि तो जागेवर बसला. पायजमा वर केला तेव्हा तुझ्या काकूंनी तोंडाला पदर लावला. ती सूज आजची नव्हती.

"कधीपासून रे?"

"मागच्या सालापासून."

"आणि संघात कोणाला कळलं नाही?"

"सगळ्याहिले कळलं होतं," तो म्हणाला. "सरदार माह्या वाटचा पळे. केरळवाला मले लांब पास द्यायचाच नाही, 'गा' सोडून नुसतं ल, ल, ल. मले पळा लागू नये म्हनून. कोनी कोचले सांगितलं नाही. दोस्त होते ना सर."

मी विचारलं, "फहीमला?"

त्यानं पायजमा पुन्हा खाली ओढला. मग म्हणाला, "त्याले तर पयले समजलं. थो बोलला, 'धम्म्या, तू डाव्या पायावर उतरून नाही राह्यला. दाखव डॉक्टरले.' म्या म्हनलं, 'तू आकडे पाहाय, माहे पाय नको पाहू.' थो म्हने, 'आकड्यातच दिसून राह्यला बे पाय.' म्या त्याले हाकललं. मंग त्यानं अहवालात आकडे लिहिले, पाय नाही लिहिला. गुडघा खराब म्हनून एकदा शिक्का बसला असता, तर कोन्त्याच संघानं दारात उभं केलं नसतं. थे त्यानं माह्यासाठी लपवून ठेवलं. अन् म्या सहा महिने त्याचा फोन उचलला नाही."

फहीम, जानराव माझ्या दाराशी उभे होते. एसटीचा खाकी सदरा, हातात टोपी. त्यांनी टोपी घातली, पुन्हा काढली. "सर, त्याले लिहा," म्हणाले. "लिहा, जानरावकाकानं आरशातून पाह्यलं होतं, म्हनून उलटं दिसलं."

म्हणून घुश्शातलं पत्र फाडलं आणि हे लिहितो आहे. एकमेकांवर इतका जीव असलेला तो संघ मित्राचा पाय झाकून बसला, आणि त्याचा पाय दिसला तुझ्या आकड्यांना. आम्ही ज्याला कोरडं म्हणत होतो त्यातच माया निघाली. उपकार झाले रे. वाईट सालात ही एवढी एक गोष्ट माझ्या पदरात पडली.

औरंगाबादला शस्त्रक्रिया ठरते आहे. तू ये, असं मी लिहीत नाही. त्यानं लिहायला सांगितलंय की, फोन आता चालू आहे.

तुझा,
इंद्रभान सर


चिखली
२१ जानेवारी २०१८

चि. फहीम,

तू औरंगाबादच्या दवाखान्यात आलास, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर पेपर धरून बसलो होतो. तुला वाटलं, सर वाचत आहेत. पेपर उलटा होता. दार उघडंच होतं, आणि म्हाताऱ्याचे कान तुला माहीत आहेत.

"काऊन बे, फोन काऊन नव्हता उचलत?"

"चार्जिंग नव्हतं."

"सहा महिने?"

"हाव. लाइनच नव्हती इकडे."

मग तू म्हणालास, "गुडघा हलव." तो म्हणाला, "हलवला. लिहून घे, आकडा वाढला." आणि तुम्ही दोघं असे हसलात, की नर्सबाई ओरडत आल्या. मी पेपरात तोंड घातलं. त्या हसण्यासाठी तुम्हा दोघांचे आभार. शाळा सोडल्यावर तसं काही ऐकलं नव्हतं.

पुण्याला परतण्याआधी तू चिखलीत येऊन शाळेत गेलास, हेही मला कळलं. बशीरभाईंच्या दुकानातली टेप घेऊन. काय निघालं माप? कुणी सांगितलं नाही.

आता तुझ्या गेल्या आठवड्यातल्या पत्राबद्दल. संघ हरतोय, हे वाचून वाईट वाटलं, आणि पुढचं वाचून उठून उभाच राहिलो. तू लिहिलंस, नवे खेळाडू रेघेबाहेरून छान टाकतात, आकडे चांगले, तरी समोरचे संघ आमच्या कडीखाली मोकळे सापडतात, कारण कळेना. तेव्हा तू चित्रफितीतलं चित्र बंद केलंस आणि नुसता आवाज ऐकत बसलास. गेल्या वर्षीचे सामने, मग यंदाचे. गेल्या वर्षी मैदानभर राजभा, यमाता, 'मागं पाहाय बे', 'डावीकडं, हाव'. यंदा नुसते बुटांचे चीं चीं आवाज. हाक नसली की समोरचा मोकळा सुटतो, असं तुला सामन्यामागून सामना दिसत गेलं. मग तू एक नवा रकाना पाडलास, मैदानावर कोण कुणाला किती वेळा हाक देतं. आणि त्या रकान्याला नाव दिलंस 'कडेची ओळ'. प्रशिक्षकांनी विचारलं, हे काय नाव? तू म्हणालास, "आमच्याकडच्या शेतीतलं आहे."

बाळा, 'मैत्री मोजता येत नाही' असं म्हणून तू मोकळा झाला असतास, तर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. मीही. पण तू मोजणं सोडलं नाहीस, कान लावलास. मी जन्मभर मात्रा मोजत होतो आणि चाल ऐकत होतो, ही दोन कामं वेगळी आहेत असं मला वाटायचं.

संघाचं पत्र धम्मरत्नला मिळालं. खेळाडू म्हणून नाही, बाकावरचा सहप्रशिक्षक म्हणून, पोरांना बोलतं करायला. तू लिहिलंस, "हे त्याला कसं लागेल, माहीत नाही. गुडघ्याचे आकडे मी पाहिलेत. खेळाडू म्हणून ये, असं मी खोटं लिहू शकत नाही."

लागलं त्याला. दोन दिवस घरातून निघाला नाही. जानराव म्हणाले, "खुर्चीवर बसाले बोलावून राह्यले म्हनते." मी समजूत घालायला गेलो नाही. ज्याला धावायचंय त्याला खुर्चीचे फायदे सांगणं बरं नव्हे. तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला, काठी टेकत. वावराच्या कडेला उभा राहिला. कपाशी उपटून झालीये, वावर रिकामं आहे. त्याच्या ओळीचीही पऱ्हाटी काकूंनी चुलीला नेली.

"सर, एक इचारू? बाकावरून आवाज जाते का तिकडच्या टोकापर्यंत?"

"तुझा जातो," मी म्हटलं. "तू वर्गात शेवटच्या बाकावरून फळ्यापर्यंत बोलायचास. मीच तुला गप्प बसवून दमलो."

"मंग आता पगार घेऊन बोलतो," म्हणाला, आणि काठी खांद्यावर टाकून निघाला. काठीशिवाय चालता येत नाही हे दहा पावलांवर आठवलं, तेव्हा खाली घेतली.

तुझा,
इंद्रभान सर


बशीरभाईंचं दुकान, चिखली
२५ फेब्रुवारी २०१८

चि. फहीम,

हे पत्र गादीवर बसून लिहितो आहे, म्हणून अक्षर बुडालंय. तुमचा सामना टीव्हीवर दाखवणार आहेत. दुकानात आज कापूस पिंजायचा नाही, असं बशीरभाईंनी सकाळीच जाहीर केलं. जानरावांनी ड्यूटी बदलून घेतली. हिंमतरावही आले आहेत. त्यांनी विचारलं, "मास्तर, आपला पोरगा दिसन का टीव्हीत?" मी म्हटलं, दिसणार नाही, बाकावर असेल. "मंग पाह्याचं काय?" ऐकायचं, मी म्हटलं. त्यांना काही ते पटलं नाही, पण भजी आली म्हणून बसले आहेत.

येत्या हंगामात आम्ही काही जणांनी तूर घ्यायचं ठरवलंय. कपाशी लावणारे छोटी पुडीही लावणार म्हणतात. हिंमतरावांनी शपथ घेतली आहे. "मास्तर, माह्या खानावळीत फक्त स्पेशल थाळी," असं म्हणाले. बघू. पाऊस पडला की शपथा वाहून जातात. तरी परवाच्या सभेत सगळे हसले, गेल्या मोसमातला गप्पपणा फुटला, हे मी लिहून ठेवतो.

तुला शेवटचं काय लिहू? मी ज्या मुलांना गण शिकवले, त्यातला एक मोजायला लागला आणि एक ओरडायला. दोघं एकमेकांपासून तुटले, तेव्हा मला वाटलं, माझ्या खुर्चीचा एक पाय गेला. आज तुम्ही दोघं एका इमारतीत, एका रंगाच्या सदऱ्यात आहात. मी तोच सदरा घातलाय. बशीरभाई मला 'प्लेअर' म्हणून हाक मारत आहेत आणि दुकानासमोर थांबून लोक बघत आहेत. बघू देत.

जानरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बशीरभाई म्हणतात, "चूप बसा सारे, आता भजीबी हळू खा." सामना सुरू होतोय. पत्र इथंच थांबवतो.

तुझा,
इंद्रभान सर

ता. क. – समालोचक इंग्रजीतून फार बोलतो, त्यामुळे आधी काहीच कळेना. मग चेंडू बाहेर गेला, तो दम खायला थांबला, आणि त्या फटीतून, पडद्याच्या डाव्या कडेकडून, कुठून तरी, "राजभाऽ! सरदार, मागं पाहाय बे!" जानराव उभे राहिले. त्यांनी टोपी काढली. पडद्यावर एक लांब पास, एक आखूड, एक लांब, आणि चेंडू कडीत. हिंमतराव विचारत आहेत, "हा राजभा कोन्ता, मास्तर? दिसून नाही राह्यला." बशीरभाई डोळे पुसत आत्ता मला सांगत आहेत, की टेप परत देताना तू त्यांना शाळेतलं माप सांगून गेलास, कडी खरंच अंगठाभर लहान निघाली.